व्याह्यांना शब्द दिलेला लसूण

सोयरीक पक्की करायला नानाची रोटी मोडतात, त्या दिवशी मुलीच्या बापानं तोंड मिटून बसावं, हे मर्गिलानमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. नान मोडावा, चहा ओतावा, व्याही बोलतील त्याला "खरंय, खरंय" म्हणावं, आणि मंडळी गेली की दाराला टेकून एकदाचा सुस्कारा सोडावा. पण सोबितजोन मास्तरांचं सगळं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेलं. चुकीचं वाक्य कानावर पडलं आणि आपण ते तसंच जाऊ दिलं, असं त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. एकदा तर त्यांनी मयतीला आलेल्या माणसाला मिठाचं सूत्र दुरुस्त करून दिलं होतं.

झालं काय, की कोकंदहून आलेले व्याही इस्मतुल्लाआका पुलाव जेवत होते. हा माणूस जन्मभर रेल्वेत साहेब होता, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पूर्वी वेळेवर यायची आणि आता येत नाही, असं त्याचं ठाम मत. पुलावाच्या ढिगावर ठेवलेला लसणाचा अख्खा गड्डा त्यांनी बोटांनी दाबला, पाकळ्यांतला गर तोंडात घेतला आणि मान हलवली.

"हल्ली लसणात दम राहिला नाही बघा. सगळं युरियाचं पीक! लेंडीखताच्या लसणाची सर याला यायची नाही."

खरंय म्हणायचं होतं हो! एवढंच म्हणायचं होतं! मास्तरांच्या बायकोनं, रिसोलतनं, पडद्याआडून खाकरून सुचवलंसुद्धा. पण मास्तर टोपी मागे सरकवून पुढे सरसावले होते.

"तसं नाही, आका. दोष युरियाचा नाही, प्रमाणाचा आहे. नुसतं लेंडीखत घातलं तर पिकाला वेळेवर पोचत नाही, नुसतं रासायनिक घातलं तर जमीन मरते. निम्मं हे, निम्मं ते, आणि ज्याच्या त्याच्या वेळेला. मुरलेलं लेंडीखत लावणीआधी, फॉस्फेट त्याच्याबरोबर, आणि नायट्रोजन..."

नायट्रोजन येईपर्यंत व्याह्यांचा चहा पार गार झाला. शेवटी ते हसून म्हणाले, "मास्तर, बोलायला काय जातंय!"

इथं मास्तरांचा तोल गेला. "बोलायला? बरं! लग्नाच्या सकाळी पुलावात जो लसूण पडेल, तो माझ्या परसातला असेल. एकूण एक गड्डा मुठीएवढा. बाजारातला एक जरी निघाला, तर मी जन्मात कुणाला शिकवायला जाणार नाही."

"बघू की," इस्मतुल्लाआका दाढी कुरवाळत म्हणाले, "आम्ही येतोच आहोत."

पाहुणे गेल्यावर रिसोलत बाहेर आली. "शाहलोचे बाबा, तुम्ही लेक देताय का लसूण?"

राग उतरल्यावर मास्तरांना एक गोष्ट दिसली होती. शब्द मोडला तर हसू आपलं होणार नाही, आपण काय, आपल्या घरी बसू. हसू होईल ते शाहलोचं. कोकंदच्या त्या घरात जेव्हा जेव्हा कढई चढेल, तेव्हा तेव्हा कुणीतरी म्हणेल, सूनबाई, तुमच्या वडलांच्या लसणाचं काय झालं? आणि तांदूळ असेपर्यंत कढई काही उतरायची नाही. पोरगी एकुलती एक, जिवापाड वाढवलेली. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शरद ऋतूत त्यांनी परस खणायला घेतला. आता मर्गिलानमध्ये काम करणं सोपं नाही. कुणीही काम करताना दिसला, की जाणाऱ्यानं "थकू नका!" म्हणायचं, ही रीत. काम करणाऱ्यानं उलट आशीर्वाद द्यायचा, कुदळ ठेवायची आणि "या, चहा घ्या" म्हणायचं, हीही रीत. जाणाऱ्यानं नाही म्हणायचं, पण खरोखर निघून जायचं नाही, ही सगळ्यात मोठी रीत. मास्तरांच्या परसाची भिंत छातीएवढीच, आणि पलीकडे मोहल्ल्याचा रस्ता. त्यामुळे एक वाफा खणून होईपर्यंत सगळा मोहल्ला चहा पिऊन गेला आणि जाताना सल्ला देऊन गेला.

सल्ला देणाऱ्यांचे दोन पक्ष होते. पहिला कुर्बोनआकांचा. कुर्बोनआका म्हणजे उजवीकडचे शेजारी, मेंढ्या पाळून म्हातारे झालेले. माणसाला होणाऱ्या प्रत्येक रोगाचं आणि जमिनीला होणाऱ्या प्रत्येक रोगाचं औषध मेंढीतच आहे, अशी त्यांची श्रद्धा. दुसरा पक्ष तोजीबोयचा. हा डावीकडचा शेजारी. एकेकाळी सामुदायिक शेतावर कोठारात कामाला होता, आणि गोणीवर छापलेलं नसेल ते खतच नव्हे असं मानायचा.

"मास्तर, ही पांढरी पूड जमिनीत घालू नका हो," कुर्बोनआका कळवळून सांगायचे. "लग्नाचा लसूण आहे! पाहुण्यांची आतडी आहेत!"

"आणि ह्यांच्या लेंड्या घातल्यात तर पाहुण्यांना वासावरून मेंढी ओळखू येईल," तोजीबोय भिंतीवरून ओरडायचा.

"तुझ्या गोणीतली पूड आधी तू खाऊन दाखव!"

"तुम्ही लेंडी खाऊन दाखवा, मग मी पूड खातो!"

मास्तर दोघांच्या मध्ये उभे राहून हात जोडत. "अहो, दोन्ही लागतं. दोन्ही! निम्मं निम्मं!" पण मध्यममार्गी माणसाचं जे सगळीकडे होतं तेच झालं. कुर्बोनआका त्यांना पुडीवाला समजू लागले आणि तोजीबोय त्यांना लेंडीवाला.

लावणी तरी नीट झाली. मास्तरांनी पाकळ्या निवडून लावल्या, घरातल्या तराजूवर खत तोलून घातलं. तो तराजू परत स्वयंपाकघरात न्यायला रिसोलतनं साफ नकार दिला. वर गव्हाचं काड पसरलं, बर्फ पडलं आणि मास्तर निवांत झाले.

संकट वसंतात आलं. थंड मातीत युरिया सावकाश लागू पडतो, त्यामुळे सुरुवातीला थोडं अमोनियम नायट्रेट हवं, असं मास्तरांच्या शास्त्रात बसत होतं. दुकानदार म्हणाला, "ते असं सुटं देत नाही. स्फोटक माल आहे. परवानगी आणा."

"अहो, मला लसणाला घालायचंय."

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"अजून कुणी आलं नाही. पण आले की म्हणतील."

परवानगीसाठी मास्तर मोहल्ला समितीत गेले. अध्यक्षा ओयदिनओपा म्हणाल्या, मी दाखला देते, पण दाखल्यावर लिहू काय? तुम्ही शेतकरी नाही, तुम्ही पेन्शनर. पेन्शनरांना द्यायच्या दाखल्यांत खत हा रकानाच नाही. आजारपण आहे, प्रवास आहे, मयत आहे. बरं, प्रवासात लिहू का? मास्तर म्हणाले, लसूण प्रवासाला जात नाही. ओयदिनओपांनी पुष्कळ विचार करून कागद पोलीस चौकीकडे पाठवला. त्यावर लिहिलं होतं, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, स्फोटक पदार्थ मागत आहेत, वागणूक आजवर चांगली.

दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्याचा पोलीस, दावलात नावाचा, दारात हजर. दावलात मास्तरांचाच विद्यार्थी, आणि रसायनशास्त्रात नापास होण्याची त्याची कामगिरी शाळेत पुढे बरीच वर्षं कुणाला मोडता आली नव्हती. टोपी काखेत घेऊन तो अंगणात अवघडून उभा राहिला.

"मास्तर, राग मानू नका. वर उत्तर द्यायचंय. लसणालाच का घालताय?"

"कारण मी लसूण लावलाय, गाढवा!"

"बरोबर," दावलात म्हणाला आणि लिहून घेतलं.

तडजोड अशी निघाली, की एक लहानशी पिशवी मिळेल, पण खत घालताना पोलीस समक्ष हजर राहील आणि उरलेला माल पोलिसांच्या ताब्यात राहील. मग काय! मास्तर वाकून वाकून सरीत चिमूटभर खत सोडताहेत आणि बांधावर गणवेशातला दावलात सावधान उभा आहे, हे दृश्य भिंतीपलीकडून सगळ्या मोहल्ल्यानं पाहिलं. संध्याकाळपर्यंत चायखान्यात बातमी होती, मास्तरांच्या परसात पोलीस काहीतरी उकरताहेत. बातमी कोकंदला पोचेपर्यंत मास्तरांना बेड्या पडल्या होत्या.

इस्मतुल्लाआका पहिली गाडी पकडून आले. दारातच त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले, उलटे सुलटे करून मनगटं पाहिली आणि म्हणाले, "व्याही, जे काय असेल ते मला स्पष्ट सांगा. माझा पोरगा कारकून आहे हो, आम्हाला हे झेपायचं नाही."

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना फार अपमान वाटला. जन्मभर ज्यानं उत्तरपत्रिकेतला अर्धा गुणसुद्धा इकडचा तिकडे केला नाही, त्याची मनगटं व्याह्यानं तपासावीत? इस्मतुल्लाआका शेवटी हसले, पण ते हसणं जरा आखडतंच होतं. निघताना म्हणाले, "लसणासाठी एवढं? मग आता आम्हाला बघायलाच हवा तो."

म्हणजे आता मागे फिरायचीही सोय उरली नाही.

पण लसूण! काय सांगावं! वसंत सरता सरता लसणानं अशी पात टाकली, की रस्त्यावरून जाणारे "थकू नका" म्हणायचं विसरून नुसतं बघत राहायचे. हिरवीगार, रुंद, कमरेला लागणारी पात. मास्तर सकाळ-संध्याकाळ परसात हात मागे बांधून फिरायचे. मध्येच मास्तरांना निमंत्रणं द्यायला बाहेरगावी जावं लागलं. एकदा अंदिजानच्या बहिणीकडे, मग नमंगानला रिसोलतच्या माहेरी, मग कुणी रुसलेला मावसभाऊ होता त्याच्याकडे. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली असती, पण शेजारी म्हणाले, जा हो तुम्ही, आम्ही आहोत ना. आपल्याकडे कुणी गावाला गेला की त्याच्या परसाला पाणी शेजारीच सोडतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रत्येक वेळी मास्तर परत आले की पात आणखी हातभर वाढलेली असे.

"बघितलंस?" ते रिसोलतला म्हणायचे. "शास्त्र!"

"बघतेय," रिसोलत म्हणायची आणि का कोण जाणे, घाईघाईनं आत जायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा मोहल्ला अंगणात जमला. एका बाजूला गाजरं चिरणाऱ्यांची रांग, एका बाजूला तांदूळ निवडणाऱ्या बायका, आणि मधोमध पुलावाचा आचारी मोमिनजोन, पोट पुढे काढून. कढईचं बोलायचं तर या माणसापुढे ओयदिनओपाही आवाज चढवत नसत. "मास्तर, लसूण आणा," तो म्हणाला.

मास्तर बाह्या सावरून परसात शिरले. मागोमाग शेजारीपाजारी. पहिली पात मुळाशी धरून त्यांनी ओढली.

वर आलं ते जाड, पांढरं, काठीसारखं सरळ होतं. गड्डा म्हणून काही नव्हताच. दुसरं ओढलं, तेही तसंच. तिसऱ्याला खाली बोटभर गाठ होती आणि तिच्यातूनही चार कोंब फुटून परत वर निघाले होते. मास्तर ओढत सुटले. या वाफ्यातून, त्या वाफ्यातून. पातीचा ढीग झाला आणि गड्डा एक नाही. अंगणात गाजरं चिरणाऱ्यांचे सुरेही थांबले.

"नायट्रोजन," मास्तर मातीत बसून पुटपुटले. "अती नायट्रोजन. सगळं बळ पातीत गेलं. पण माझं प्रमाण... मी तोलून घातलं होतं..."

"मी म्हटलं नव्हतं?" कुर्बोनआका उसळले. "ही तोजीबोयची पूड नडली!"

"मी? मी पाण्याबरोबर दोनच मुठी सोडायचो! तुम्ही पाटीच्या पाट्या टाकत होतात, मी डोळ्यांनी बघितलंय!"

आणि मग त्या दोघांच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो.

मास्तरांनी हळूच मान वर केली. कुर्बोनआकांनी टोपी काढली, परत घातली. "मास्तर... तुम्ही गावाला गेलात की मी पाणी सोडायचो. नुसतं पाणी कसं सोडायचं? पोरीच्या लग्नाचा लसूण. पाहुण्यापुढे नानाशिवाय चहा ठेवल्यासारखं वाटायचं. म्हणून दर खेपेला एखादी पाटी..."

"मलाही तसंच वाटायचं," तोजीबोय जमिनीकडे बघत म्हणाला.

गाजरं चिरणाऱ्यांच्या रांगेतून दावलात उठला. "मास्तर, तो जप्त माल होता ना, त्याचं काय करायचं ते वरून कळवलंच नाही. टाकून कसा द्यायचा? तुमचाच होता. मी एकदा येऊन तुमच्याच वाफ्यात..."

मास्तरांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. रिसोलतनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. "कोंबड्यांचं खत. थोडंसंच हो, शाहलोचे बाबा. तुम्ही झोपलात की."

मास्तरांचं शास्त्र एका अक्षरानं चुकलेलं नव्हतं. सगळ्या मोहल्ल्यानं मिळून त्याच्यावर प्रेम केलं होतं, एवढंच. कुणाला रागवावं तेही त्यांना कळेना. ओरडायला तोंड उघडलं आणि समोर कुर्बोनआकांचा चेहरा दिसला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. तोंड तसंच मिटलं.

मोमिनजोन मात्र आचारी माणूस. "रडारड नंतर. मला लसूण पाहिजे." तोजीबोय गाडी काढून बाजारात गेला आणि मुठीएवढ्या गड्ड्यांचं पोतं घेऊन आला. गड्ड्यांना परसातली माती चोळायची कल्पनाही त्याचीच. ओयदिनओपांनी सगळ्यांना बजावलं, की हा लसूण मास्तरांच्या परसातला, आणि जो वेगळं बोलेल त्याला यापुढे कसलाही दाखला मिळणार नाही. एकमतानं ठरलं. मास्तरांना कुणी विचारलंच नाही.

निजायच्या आधी शाहलो त्यांच्याशेजारी येऊन बसली. "बाबा, बाजारातला असला म्हणून काय झालं? मला कुणी काही बोललं तर बोलू दे." एवढं म्हणून तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मास्तरांना भडभडून आलं.

सकाळच्या नमाजानंतर कोकंदची मंडळी आली. सनई वाजली, आशीर्वाद झाले, ताटं फिरू लागली. वाढायला मोहल्ल्याची माणसं, सगळ्यांत पुढे कुर्बोनआका आणि तोजीबोय, जन्मात पहिल्यांदा एका बाजूला. व्याह्यांच्या ताटावर मोमिनजोननं निवडून सगळ्यात मोठा गड्डा ठेवला होता. इस्मतुल्लाआकांनी तो दाबला, चाखला, डोळे मिटले.

"वा! व्याही, मानलं तुम्हाला. याला म्हणतात प्रमाण."

झालं होतं की हो! "घ्या ना अजून" म्हणायचं आणि सुटायचं. सगळा मोहल्ला श्वास रोखून तेच मागत होता. पण चुकीचं वाक्य होतं ते. मास्तरांच्या घशातून ते खाली उतरेना.

"आका, हा लसूण बाजारातला आहे. माझा लसूण आलाच नाही. नुसती पात आली. मी शब्द दिला होता, तो मला पाळता आला नाही. काय बोलायचं ते मला बोला, माझ्या पोरीला बोलू नका."

ताटावरचे सगळे हात थांबले. मग इस्मतुल्लाआकांचे खांदे हलायला लागले आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"अहो व्याही, वर्षभर मी धास्तावून होतो. ती पोलिसांची गोष्ट तर राहू द्या. पोराचा सासरा मास्तर, आणि मास्तर कधी चुकत नाही! म्हटलं, आता प्रत्येक सणाला उभं राहून ऐकून घ्यायचं! घ्या, हा अर्धा तुम्ही घ्या." आणि गड्डा फोडून निम्मा त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवला. "पण झालं तरी काय? एवढं शास्त्र तुमचं!"

आता मात्र मास्तरांना ओठ आवळावे लागले. शास्त्र अगदी बरोबर होतं. एका वाक्यात ते सिद्ध करता आलं असतं, आणि साक्षीदार ताटं घेऊन मागेच उभे होते.

"खत जास्त पडलं," मास्तर म्हणाले. "माझ्याच हातून. अंदाज चुकला."

"मला वाटलं, म्हणाल शेजाऱ्यांनी वाट लावली. आमच्याकडे काहीही बिघडलं की शेजाऱ्याच्याच नावानं शंख होतो."

"छे छे," मास्तर लसूण तोंडात टाकत म्हणाले. "आमचे शेजारी कुणाच्या लसणाच्या वाटेला जात नाहीत."

कुर्बोनआकांनी हातातलं ताट तिथंच खाली ठेवलं आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं. चूल अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.